पडण्याचे शिक्षण

दुसरबीड हे सिंदखेड राजा तालुक्यातले, जालना-मेहकर रस्त्यावरचे गाव. खडकपूर्णेच्या खोऱ्यातली इथली जमीन काळी. पावसाळ्यात ही माती पाय धरून ठेवते. अंग वळते पण पाऊल वळत नाही, आणि गुडघा पिळवटतो. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते, कडक होते. शाळेच्या मैदानावर मुरूम टाकून रोलर फिरवलेला असला तर घसरणाऱ्याच्या कोपराची साल निघते. अशा जमिनीवर या भागातली मुले-मुली कबड्डी आणि खो-खो खेळतात, क्रिकेटमध्ये सूर मारतात, पोलीस भरतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करतात. त्यांना धावायला, पकड घालायला, उडी मारायला कोणी ना कोणी शिकवते. पडायला मात्र कोणी शिकवत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत पुस्तक लिहिले गेले आहे आणि ते खेड्यातल्या मैदानापासून सुरू होते, याचा मला विशेष आनंद आहे.

पडणे टाळता येईल का, हा प्रश्न खेळात फारसा कामाचा नाही. कबड्डीची चढाई, खो-खोतला खांबावरचा सूर, कुस्तीतली ढाक यांत पडणे खेळाचाच भाग आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो पडताना शरीराचे काय होते एवढाच. उभ्या माणसाची कंबर जमिनीपासून साधारण एक मीटर उंच असते. तेवढ्या उंचीवरून मोकळे खाली आलेले शरीर जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो आणि या प्रवासाला अर्धा सेकंदही लागत नाही. हा वेग कमी करणे खेळाडूच्या हातात नसते. तो किती अंतरात शून्यावर आणायचा, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हातात असते. शरीर दोन सेंटीमीटरमध्ये थांबले तर सरासरी धक्का वजनाच्या सुमारे पन्नासपट बसतो; वीस सेंटीमीटरमध्ये थांबले तर पाच-सहापट. जोरात आलेला चेंडू झेलताना हात मागे घेतात, तेच काम इथे घोटा, गुडघा, मांडी, कंबर आणि पाठीचा मांसल भाग यांनी पाठोपाठ करायचे असते. सुरक्षित पडण्याच्या जगभरच्या सगळ्या पद्धती याच पायावर उभ्या आहेत: थांबण्याचे अंतर वाढवा, धक्का मोठ्या भागावर पसरवा आणि डोके जमिनीपासून दूर ठेवा.

निसर्गाने दिलेली सवय याच्या नेमकी उलट आहे. तोल गेला की माणूस हात ताठ करून पुढे टेकतो. चेहरा आणि डोके वाचवणारी ही प्रतिक्रिया वाईट म्हणता येणार नाही, पण तिची किंमत मनगट देते. मनगटाजवळच्या ज्या फ्रॅक्चरला आजही कोलिस यांचे नाव आहे, त्याचे वर्णन अब्राहम कोलिस या आयरिश शल्यविशारदाने १८१४ मध्ये, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी केले होते. लहान मुलांत अशाच पडण्याने कोपराच्या वरचे हाड मोडते, आणि तिथून जाणाऱ्या रक्तवाहिनीला व नसांना धोका पोचतो. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या छोट्या हाडाचे फ्रॅक्चर तर पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसतही नाही. धक्का हातातून वर सरकला की कॉलर बोन मोडते. ‘हात टेकू नकोस’ असे ओरडून सांगितल्याने ही सवय जात नाही. अर्ध्या सेकंदात विचार करायला वेळ नसतो. शरीराला दुसरी सवय शेकडो वेळा गिरवून द्यावी लागते. म्हणून पडणे हा शिक्षणाचा विषय ठरतो.

महाराष्ट्रात हे शिक्षण फार जुने आहे. तालमीतला हौदा हीच त्याची पहिली शाळा. तांबडी माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट रोज होते ती म्हणजे माती उकरणे. अनेक तालमींत नव्या पोराला आधी फावडे दिले जाते आणि डाव नंतर. उकरलेली माती अंगाखाली दबते आणि थांबण्याचे अंतर वाढवते, म्हणजे वर सांगितलेले गणित ती परस्पर सोडवते. मग जोर, बैठका, मान बळकट करणारी मेहनत, कोलांटउड्या, आणि जाणत्या पैलवानाशी रोजची लढंत. लढंतीत थोरला पैलवान धाकट्याला उचलून टाकतो, पण सोडून देत नाही. एका हाताने त्याचा भार धरून ठेवतो. पोर दिवसाला कितीतरी वेळा मातीवर येते. पडण्याचा वेगळा तास नसतो आणि वेगळे नावही नसते, तरी काही महिन्यांत त्याचे अंग पडताना आखडायचे थांबते. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात बांधलेले, १९१२ चे खासबाग मैदान आपण वैभव म्हणून मिरवतो, ते योग्यच आहे. त्या वैभवामागे गावोगावच्या तालमींतली ही मूक शिकवण होती, तिचीही नोंद व्हायला हवी.

या परंपरेची एक मर्यादा पुस्तकात स्पष्ट मांडली आहे आणि मला ती पटते. कुस्तीत पाठ लागली की हार. त्यामुळे चितपट टाळण्यासाठी पैलवान पडतापडता हात रोवतो किंवा अंग मधेच पिळून घेतो. उकरलेल्या मातीत हे बहुधा निभावते. कडक जमिनीवर किंवा मॅटवर कोपर निखळू शकते. पृष्ठभाग बदलला की पडण्याची रीतही बदलावी लागते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, तेव्हा मॅटवरच्या कुस्तीचा त्यांना सराव नव्हता. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले ते या नव्या पृष्ठभागाशी आणि नियमांशी जमवून घेतल्यानंतरच.

मल्लखांबाचा उगमही कुस्तीच्या पूरक व्यायामातच आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला आजचे रूप दिले. अढी, दसरंग, फिरकी, सुईदोरा ही नावे चढणाऱ्याच्या कौशल्याची आहेत. पण खांबावर अडीच मीटर उंचीवर उलटे लटकलेले पोर सर्वांत आधी काय शिकते, तर पकड सुटली तर कोणते अंग खाली जाईल, हे. ही जाणीव मला मल्लखांबाची मोठी देणगी वाटते. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. जमीन न दिसणाऱ्या मुलाला ती कुठे आहे हे अंगाने ओळखता येते, याहून मोठा पुरावा कोणता? २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

विदर्भातल्या वाचकाने अमरावतीची आठवण ठेवली पाहिजे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभे केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके घेऊन गेले होते. त्याच १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम बांधले गेले. विदर्भातल्या कित्येक क्रीडाशिक्षकांनी शारीरिक शिक्षणाचे धडे अमरावतीत गिरवले आहेत. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी बडोद्यात संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत निघाला, तोही मराठीतच. ज्ञानाची उणीव आपल्याकडे कधीच नव्हती. ते तालमीतून शाळेच्या मैदानावर नीट उतरले नाही, एवढेच.

पडण्याला स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून जपानने मांडले. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत ज्युदोची स्थापना केली आणि जुन्या जुजुत्सूतली पडण्याची तंत्रे पद्धतशीर बसवली. त्यांना उकेमी म्हणतात. मागे, बाजूला, पुढे आणि पुढे लोळण घेत, असे चार मुख्य प्रकार. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, हात शरीराशी तिरका ठेवून जमिनीवर आपटायचा, म्हणजे धक्क्याचा काही भाग हात घेतो. ज्युदोच्या वर्गात नवख्याला उकेमी आल्याशिवाय कोणी फेकत नाही. निदान तसा दंडक आहे.

दंडक मोडला तर काय होते, हेही जपाननेच दाखवले. तिथल्या शाळांत १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत ज्युदो करताना शंभराहून अधिक मुले दगावली. डोक्याला मार लागून मेंदूभोवती रक्तस्राव होणे, हे त्यांतले मोठे कारण. मृतांमध्ये नवशिक्यांची संख्या मोठी होती. २०१२ मध्ये माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या, तेव्हा यावर तिथे जोरदार चर्चा झाली आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे नव्याने लक्ष गेले. घाईने शिकवलेले पडणे न शिकवण्याहून घातक असते. या पुस्तकातला कोणता भाग आधी वाचावा असे मला कोणी विचारले, तर डोक्याच्या दुखापतीवरचा भाग मी सुचवीन.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या रिंगवे येथे छत्रीसैनिकांसाठी आणखी एक पद्धत घडली. दोन्ही पाय जोडून, गुडघे किंचित वाकवून उतरायचे आणि चवडे, पोटरीची बाजू, मांडी, नितंब, पाठीची बाजू अशा क्रमाने जमिनीवर लोळत जायचे. छत्रीने उतरणारा सैनिक जमिनीला टेकतो तो वेग साधारण दीड-दोन मीटर उंच भिंतीवरून मारलेल्या उडीइतका असतो, आणि जमीन कशी असेल ते त्याला निवडता येत नाही. आग्र्याच्या प्रशिक्षण केंद्रात आपले सैनिक अशा उतरण्याचा कसून सराव करतात. फ्रान्समध्ये वाढलेल्या पार्कूर या, शहरातल्या भिंती-कठडे उड्या मारत ओलांडण्याच्या प्रकारात एका खांद्यापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत तिरके लोळतात, म्हणजे पाठीचा कणा सिमेंटवर घासत नाही.

या पद्धती एकमेकींशी पूर्णपणे जुळत नाहीत, आणि पुस्तकात ते मतभेद झाकलेले नाहीत. ज्युदोतले हात आपटणे गादीसाठी आहे. मुरमावर तसा हात आपटला तर तळव्याचे कातडे जाईल आणि मनगट दुखावेल. माझ्या मते आपल्याकडच्या मैदानांसाठी लोळण्याची रीत पहिली आणि आपटण्याची नंतर, तीही गादी असेल तरच. हात पुढे टेकूच नये, हे मतही मला टोकाचे वाटते. तोंडावर पडणाऱ्याला हात लागणारच. कोपर वाकलेले ठेवून हाताने धक्का घेत घेत अंग बाजूला वळवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

आधुनिक क्रीडावैद्यकाने या विषयात वेगळ्याच दिशेने प्रवेश केला. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध बऱ्याचदा कोणाचाही धक्का न लागता, उडीवरून उतरताना किंवा एकदम दिशा बदलताना तुटतो. कबड्डीपटूंना ही दुखापत चांगलीच परिचित आहे. गुडघा ताठ ठेवून उतरणे आणि तो आतल्या बाजूला झुकणे, ही त्यातली ओळखीची कारणे. फुटबॉलसाठी तयार झालेल्या ‘फिफा ११+’ सारख्या सरावक्रमांनी दुखापती बऱ्याच घटतात, हे अभ्यासांतून दिसले आहे. त्यांत महागडे साहित्य काही नाही: धावणे, तोल सांभाळणे, उडी मारून मऊ उतरणे. नेदरलँड्समध्ये तर वृद्धांना ज्युदोतून घेतलेले पडण्याचे तंत्र शिकवून खुब्यावरचा आघात कमी करण्याचे प्रयोग झाले. आपल्या आजी-आजोबांपर्यंत हे पोचायला वेळ लागेल; शाळेतल्या मुलांपर्यंत मात्र ते उद्या सकाळी पोचू शकते.

पडण्याच्या कौशल्यालाही सीमा आहे, आणि ती महाराष्ट्राला दहीहंडीने दाखवली. २०१२ मध्ये ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विक्रम केला. तेवढ्या उंचीवरून मोकळे पडणाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटर होतो. तिथे लोळण्याचे कसब काही वाचवू शकत नाही. हेल्मेट, सुरक्षा-दोर, खाली गाद्या आणि दाटीने उभी असलेली माणसेच वाचवतात. स्पेनमधल्या कॅटलोनियात असेच मानवी मनोरे रचतात. तिथे पायथ्याशी गर्दी करून उभा राहिलेला जमाव मनोऱ्याला आधार देतो आणि वरून पडणाऱ्याला झेलतोही. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये २० फुटांची मर्यादा घातली होती. २०१७ पासून उंचीचे बंधन राहिले नाही, मात्र १४ वर्षांखालील मुलांना मनाई आहे. २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला. दर्जासोबत प्रशिक्षणही सक्तीचे झाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मग आजच हे पुस्तक का? मुलांचे खेळणे बदलले आहे, म्हणून. सूरपारंब्या खेळताना मूल कमी उंचीवरून पुन्हा पुन्हा पडायचे आणि त्यातून आपसूक शिकायचे. तो खेळ आता क्वचित दिसतो. तालमी कमी झाल्या. दुसरीकडे स्पर्धा वाढल्या. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे खेड्यातले पालकही मुलांना आणि मुलींना मैदानावर पाठवू लागले आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. पण ही मुले टीव्हीवर पाहतात ते मॅटवरचे खेळ. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या दोन कर्णधारांच्या नेतृत्वाखाली भारताने दोन्ही विजेतेपदे मिळवली. त्या सामन्यांतले सूर आणि डॅश पाहून मुले दुसऱ्या दिवशी तेच मुरमावर करतात. क्रिकेटमध्येही हेच. १९९२ मध्ये ब्रिस्बेनला जाँटी ऱ्होड्सने झेप घेऊन यष्ट्या उडवल्या, तेव्हापासून ती झेप मुलांच्या डोळ्यांसमोर आहे. एकनाथ सोलकर तर त्याच्या कितीतरी आधी हेल्मेटशिवाय फॉरवर्ड शॉर्टलेगला उभे राहून झेपावत. २७ कसोटींत ५३ झेल त्यांनी घेतले. पण त्यांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे मैदान सांभाळत, आणि सोलकर लहानपणापासून त्या हिरवळीवर वाढले. खालची जमीन कोणती, हा प्रश्न इथेही सुटत नाही.

पुस्तकाची बांधणी याच प्रश्नाभोवती आहे. मॅट असेल असे लेखकांनी कुठेच गृहीत धरलेले नाही. उकरलेली माती, लांब उडीचा वाळूचा खड्डा, पोत्यांत सोयाबीनचे कुटार भरून शिवलेल्या गाद्या, एवढ्यावर सगळा सराव बसवला आहे. बसलेल्या अवस्थेतून मागे लोळणे, मग उकिडवे, मग उभे, मग चालताना, आणि सर्वांत शेवटी धावताना व जोडीदारासह, असा चढता क्रम आहे. आधीची पायरी अंगात मुरल्याशिवाय पुढची नाही, यावर लेखक जराही सैल पडत नाहीत. मुलींच्या सरावाचा विचार स्वतंत्रपणे केला आहे, कारण पडण्याची भीती आणि पडल्यावर लोक काय म्हणतील हा संकोच, या दोन्ही गोष्टी त्यांच्या वाट्याला अधिक येतात. ज्या मुलांनी अजिबात हा सराव करू नये, त्यांच्याबद्दलही लिहिले आहे.

पडल्यानंतरच्या पहिल्या तासाबद्दल लेखकांनी जे लिहिले आहे ते प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लावण्याजोगे आहे. गावाकडे हात सुजला की आधी हाडवैद्य आठवतो. जुने वस्ताद हाडे बसवत, त्यांच्या हाताला गुण होता, हे मी नाकारत नाही. पण कामट्या लावून करकचून बांधलेल्या पट्टीने मुलाच्या हाताचा रक्तपुरवठा थांबू शकतो आणि काही तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात. बोटे गार किंवा निळी पडली, बधिर झाली, हलवताना असह्य कळ आली, तर पट्टी लगेच सैल करून दवाखाना गाठायचा. डोक्याला मार लागलेल्या मुलाला ‘बरं वाटतंय’ म्हणाला तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचे नाही. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही.

क्रीडाशिक्षकांना माझी एकच विनंती आहे. हे पुस्तक वाचून कपाटात ठेवू नका. जूनमध्ये शाळा उघडली की मैदानाचा एक कोपरा मुलांकडूनच उकरून घ्या, त्यातले खडे वेचा आणि पहिल्या महिन्यात कबड्डीच्या तासाची दहा मिनिटे फक्त पडण्याला द्या. पालकांनी विचारले तर त्यांनाही मैदानावर बोलवा आणि मुले काय शिकत आहेत ते दाखवा.